प्रसादानंतरची गोळी

मे महिन्यात आमच्या पुणतांब्यात पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन असतं, आणि आई स्वेटर घालून ओट्यावर बसायची. आम्ही तिची मनसोक्त टर उडवायचो. थायरॉईड निघाला, गोळी सुरू झाली, तेव्हा कुठे तो स्वेटर ट्रंकेत गेला.

मी कोपरगावला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मानेखाली, खांद्यांच्या मधे थोडी तपकिरी चरबी असते. नेहमीची चरबी ऊर्जा साठवते, ही जळून ऊब देते, आणि तिला पेटायला थायरॉईडचं संप्रेरक लागतं, हे दरवर्षी सांगते. पहाटे अंग मुळातच सगळ्यात गार असतं, हेही सांगते. आईला मात्र एवढंच बजावलं होतं, तेही मास्तरणीच्या आवाजात: "गोळी पहाटे, रिकाम्या पोटीच. काही खाल्लंस तर घ्यायची नाही."

गेल्या वर्षी तिनं चातुर्मास धरला. आंघोळ-पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. कोजागिरी झाली तशी ती पहाटे गोदावरीवर स्नानाला जाऊ लागली. दिवाळीनंतर एका रविवारी मी घरी गेले, तर चेहरा सुजलेला, बोलणं जड.

"थंडी नाही वाजत गं नदीवर?"

"आता न्हाई वाजत. कुडकुडत बी न्हाई. देवाची किरपा."

व्रत मानवलंय तुला, म्हणून मी हसले. त्या हसण्याची मला अजून किळस येते. कुडकुडणं थांबलं म्हणजे अंगानं हात टेकले, हे मला नाही तर कुणाला कळायला हवं होतं?

चार दिवसांनी ती घाटाच्या पायरीवर ओल्या लुगड्यात बसली ती उठलीच नाही. सोबतच्या बायकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. गोळी कधी बंद केली, डॉक्टरांनी विचारलं. बंद नाहीच, मी ठासून सांगितलं. मग कपडे आणायला घरी गेले, तर देवघराच्या फळीवर चार महिन्यांची पाकिटं न फोडलेली.

संध्याकाळी तिनं डोळे उघडले तेव्हा मी विचारलं, गोळ्या का नाही घेतल्यास?

"पूजेआधी काय घ्यायचं न्हाई. पूजा झाली की आदी परसाद. मग प्वाट रिकामं कुठं ऱ्हायलं? तूच म्हनली हुती, खाल्लं तर घ्यायची न्हाई." मग म्हणाली, "रोज मनाशी म्हनायची, उद्या बगू."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. अंगावर दोन ब्लँकेटं होती, ट्रंकेतला स्वेटरही मी तिला घातला होता, तरी हात गारच. तिनं देवाचा शब्द मोडला नाही आणि माझाही.