आईच्या डाव्या हाताचा कीबोर्ड

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा बोलणं आणि चालणं दोनेक महिन्यांत परत आलं, उजवा हात मात्र आला नाही. तीस वर्षं आर्वीत मराठी टायपिंगचा क्लास चालवलेल्या बाईचा हात. जवळच्या रोहणा गावावरून मुली एसटीनं तिच्याकडे शिकायला यायच्या, आणि एखादी बटणांकडे पाहून टाइप करताना दिसली की आई तिच्या हातांवर तिचीच ओढणी टाकायची.

मी घरी बसून एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते. त्यामुळे यावरचा इलाज माझ्याकडेच आहे असं मी धरून चालले. एक मेकॅनिकल कीबोर्ड मागवला. कोणत्या बटणानं काय करायचं ते यात आपलं आपल्याला ठरवता येतं. माझी योजना अशी: डाव्या अंगठ्यानं स्पेसबार दाबून धरला की कीबोर्डची उजवी बाजू आरशात दिसावी तशी डावीकडे येईल. उजव्या तर्जनीखालचा र डाव्या तर्जनीखाली, उजव्या करंगळीखालचा य डाव्या करंगळीखाली. बोट तेच, फक्त हात दुसरा.

पहिल्या दिवशी आईनं 'मन' लिहिलं. पडद्यावर 'मत' आलं. अंगठा जरा आधी सुटला की उजवीकडच्या अक्षराऐवजी त्याच बटणावरचं डावीकडचं उमटत होतं: न चा त, ल चा ज, कान्याचा क. 'लाल' लिहायला गेली तर 'जकज'. शिवाय दोन शब्दांत जागा सोडताना तिचा अंगठा स्पेसबारवर रेंगाळायचा. कीबोर्डला वाटायचं, हिनं बटण धरून ठेवलंय. मग जागा सुटायचीच नाही आणि सगळी ओळ एकाच लांब शब्दासारखी चिकटून यायची.

बटण किती वेळ दाबलं म्हणजे 'धरून ठेवलं' समजायचं, ती वेळ मी वाढवली. जागा सुटू लागली, पण अक्षरं जास्त चुकू लागली. कमी केली, तर पुन्हा शब्द चिकटले. मग स्पेसबार सोडून शेजारच्या बटणावर ते काम दिलं, तर तिचा अंगठा दुखायला लागला. एकदा दाबलं की बाजू बदलेल, पुन्हा दाबलं की परत येईल, असंही करून पाहिलं. आपण कोणत्या बाजूला आहोत हेच तिला आठवेना. दर वेळी मी म्हणायची, "आता बघ, आता जमते." ती बसायची, चार ओळी लिहायची, ओठ आवळायची. मला तिचा राग यायचा. मग आपल्याला राग आला याचाच राग यायचा.

एका दुपारी नवी मांडणी कीबोर्डमध्ये भरत होते तेवढ्यात लाइट गेली. कॉम्प्युटर बंद. लाइट आल्यावर पाहते तर कीबोर्ड मेलेला, एकही बटण चालेना. त्याच्या पाठीमागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन घालून तो पुन्हा सुरू करायला मला तास लागला. आई समोरच बसून होती.

सुरू झाला तसा मी तिच्यापुढे ठेवला. तिनं हात लावला नाही.

"लिही ना," मी म्हटलं.

"काय बदललं आज?"

"श दुसरीकडं घेतला. तुले सोपं जाईल."

"काल तो कॅप्सलॉकवर होता. मले तो जमला होता."

"पण आई, ते बरोबर नव्हतं. करंगळी किती ताणा लागते तिथं!"

"तुले बरोबर नाई वाटत. मले जमला होता." तिचा आवाज चढला. "काल शिकलेलं आज चूक काऊन होते? तू रोज अक्षरं हलवून राह्यली. मी पोरींले शिकवत असताना रोज बटणं बदलली असती, तर एक तरी पास झाली असती का?"

"मी तुझ्यासाठीच करून राह्यली ना हे सगळं!" मी ओरडलेच.

"मंग माझ्यासाठी थांब."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी आपटली. चहा टाकला, तो उतू गेला. तिचं म्हणणं खरं होतं हे मला तेव्हाच कळलं होतं. आदल्या दिवशी श तिच्याकडून एकदाही चुकला नव्हता. मी पाहिलं होतं, आणि तरीही बदलला होता.

संध्याकाळी मी जुनी मांडणी परत भरली. आरसा स्पेसबारवर, श कॅप्सलॉकवर, वेळ मधलीच. ती सदोष आहे हे मला माहीत होतं. आईनं रोज सकाळी एक पान लिहायचं ठरवलं आणि मला खोलीतून बाहेर घालवलं.

तीन महिन्यांनी तिनं समुद्रपूरला तिच्या बहिणीला पत्र टाइप केलं. मी छापून पोस्टात टाकलं. आठवड्यानं मावशीचा फोन आला. एका ओळीत न आणि त ची अदलाबदल झाली होती आणि तिला काही केल्या अर्थ लागत नव्हता. आईनं ती ओळ पडद्यावर काढून फोनवर दोनदा वाचून दाखवली, तिसऱ्यांदा तिलाच हसू आवरेना. मला हसू आलं नाही. ती चूक कशी काढायची ते मला ठाऊक होतं. बटण धरायच्या वेळेचा एक आकडा बदलायचं काम होतं.

"हात लावू नको," फोन कानाशी धरूनच ती मला म्हणाली.