भर दुपारचा झेंडा

निजामाच्या राज्यात तिरंगा लावला म्हणून मी पहिल्यांदाच परभणीच्या तुरुंगात गेलो. शेजारच्या घोंगडीवर मानवतकडचा एक म्हातारा म्हैसचोर होता. जेवताना तो माझा हात धरायचा. "वरण हलवू नका. खडे खाली बसू द्या."

एकदा त्यानं विचारलं, "तुमी काय केलं?"

"कचेरीसमोर झेंडा लावला."

"भर दुपारी? शिपाई हुबा असताना?"

"त्यांनी पकडावं म्हणूनच."

तो त्या दिवसापासून आपली अर्धी भाकर मला देऊ लागला. मला वाटलं, देशभक्ताचा मान ठेवतोय.

सुटलो त्या सकाळी तो जमादाराला हळूच सांगत होता, "साहेब, माणूस लय चांगला हाय. पन एकट्याला सोडू नका. घरचं कुणी आलंय का बगा."