थोरल्या साडूंची धास्ती

भित्री माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. पालीला भिणारी पाहिली, सासूला भिणारी पाहिली, रक्त तपासायला गेल्यावर सुई बाहेर यायच्या आत डोळे पांढरे करणारीही पाहिली. पण ज्या युरोप खंडात कधी पाऊल टाकलं नाही, तिथल्या बोलीभाषांच्या भीतीनं धरमपेठेत बसल्या जागी घाम फुटणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच असणार, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू.

मी त्यांना दादा म्हणतो. दादांनी तीस-बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि त्या काळात, इतर कारकून चहाला जात तेव्हा, जर्मन भाषा पाठ केली. पुढे फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियनही पुस्तकांवरून शिकले. त्या देशांत जाण्याचा प्रश्नच नव्हता. विमान सोडा, दादा लिफ्टमध्येसुद्धा बसत नाहीत. "मध्येच अडकली तर कोणाला सांगायचं?" असं ते विचारतात, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ऐकणाऱ्याचाच पाय जिन्याकडे वळतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी सदरमध्ये चष्म्याच्या दुकानावरची एक खोली घेऊन जर्मनचा वर्ग काढला. नर्सिंग झालेल्या मुली हल्ली जर्मनीला नोकरीसाठी जातात, त्यासाठी त्यांना भाषेची परीक्षा द्यावी लागते. बाकीचे शिकवणारे मुलींना परीक्षेत पास करतात आणि झोपी जातात. दादांची झोप मात्र मुलगी पास झाली की उडते, कारण आता ती खरोखरच जाणार असते.

त्यांचं म्हणणं असं, की पुस्तकातली जर्मन भाषा जर्मनीत कोणी आजारपणात बोलत नाही. बरं असताना माणूस शुद्ध बोलेल, पण दुखायला लागलं की तो आपल्या गावचं बोलतो. म्हणून वर्गाच्या भिंतीवर त्यांनी जर्मनीचा मोठा नकाशा लावून त्यावर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या ताईंच्या, विणकामातला लाल लोकरीचा दोरा आडवा ताणून चिकटवला आहे. दोऱ्याच्या वरच्या गावांत पाण्याला 'वाटर' म्हणत आले, खालच्या गावांत 'वासर'. वर सफरचंद 'आप्पेल', खाली 'आप्फेल'. वर करणं म्हणजे 'माकेन', खाली 'माखेन'. पहिल्या दिवशी 'वासर' ऐकून मुली हसतात, कारण प्रत्येकीला गोठ्यातलं वासरू आठवतं. दादा हसत नाहीत. छडी दोऱ्यावर ठेवून ते आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "इथून खाली उतरलीस की पोरी, तुझे ओळखीचे शब्द तुला ओळख देणार नाहीत." गावाबाहेरच्या चिंचेखालून एकटीनं जाऊ नको, असं सांगताना म्हाताऱ्या बायकांचा जसा आवाज होतो, अगदी तसा. हसणाऱ्या मुली वह्या काढतात.

घड्याळ शिकवायच्या दिवशी तर ते सकाळी जेवत नाहीत. जर्मन माणूस 'अर्धे चार' म्हणतो तेव्हा साडेतीन वाजलेले असतात. तीन होऊन गेले आणि चौथा तास अर्धा झाला, असा त्याचा हिशेब. इथवर ठीक आहे, आपलं 'अडीच'सुद्धा मुळात अर्धं तिसरंच, असं दादा प्रेमानं समजावतात. पण दक्षिणेत आणि पूर्वेत लोक 'पाव चार'सुद्धा म्हणतात, आणि त्याचा अर्थ सव्वातीन. इतर ठिकाणचा माणूस ते ऐकून गोंधळतो, कोणी सव्वाचार समजतो. "सव्वातीनचं इंजेक्शन सव्वाचारला दिलं तर?" दादा विचारतात, आणि वर्गातल्या बाराही जणी भिंतीवरच्या घड्याळाकडे अशा पाहतात की काटा सरकला की कोणीतरी जाणार आहे.

आमच्या शेजारची एक मुलगी स्पेनच्या दक्षिणेला हॉटेलात नोकरीला निघाली होती. दोन शब्द शिकून घ्यावेत म्हणून पेढे घेऊन दादांकडे आली. दादांनी पेढा हातात धरला आणि सांगायला सुरुवात केली, की त्या भागात शब्दाच्या शेवटचा 'स' खाऊन टाकतात. अनेकवचन त्या 'स'वर उभं असतं. "म्हणजे एक गोळी म्हणाला की दोन गोळ्या, हे तुला कसं कळणार?" मुलगी म्हणाली, "काका, मी काउंटरवर बसणार आहे, गोळ्या नाही द्यायच्या मला." दादा म्हणाले, "हॉटेलात माणसं आजारी पडत नाहीत?" पेढा त्यांनी शेवटी खाल्लाच नाही. इटलीतल्या एका भागात 'क'चा 'ह' होतो, घराला 'कासा'ऐवजी 'हासा' म्हणतात, एवढं एकच उदाहरण ते थोडं खेळकरपणे देतात; पण त्यानंतरही पुस्ती जोडतात, की यात हासण्यासारखं काही नाही. ताई स्वयंपाकघरातून ओरडतात, "काहून त्या पोरीले भेव दाखवता जी! जाऊ द्या ना तिले हसत!"

अशा या वर्गात दोन वर्षांपूर्वी प्रज्ञा आली. कामठीहून शेअर ऑटोनं यायची. वडील पॉवरलूमवर कामाला, घरात पहिली नर्स हीच. पहिल्याच आठवड्यात ती दादांना म्हणाली, "सर, मले समजून तर राहिलं, पण बोलता नाही येत. माझी मराठीच शुद्ध नाही तर जर्मन कशी येईन?" दादांनी खडू खाली ठेवला. तिला त्यांनी सांगितलं, की तुम्ही 'जेवून राहिलो' म्हणता, चालू असलेलं काम राहण्याच्या क्रियापदानं सांगता; स्पेन आणि इटलीतली माणसंही उभं राहण्यापासून निघालेलं क्रियापद घेऊन अगदी हेच करतात. "तुझ्या वाक्यात खोट नाही. पुस्तकाला ते ठाऊक नाही, एवढंच." मी तेव्हा दादांना डबा द्यायला गेलो होतो. प्रज्ञाची मान वर झालेली मी पाहिली.

पण एका गोष्टीवरून ती रोज बोलणी खाई. पुस्तकी जर्मनमध्ये पायाचे दोन तुकडे आहेत. घोट्याखालचा 'फूस' आणि वरचा 'बाइन'. आपला पाय कमरेपासून बोटांपर्यंत एकच. प्रज्ञा मांडीलाही 'फूस' म्हणायची. दादा वहीवर लाल रेघ मारत. मग परीक्षा झाली, ती पास झाली, आणि तिला नोकरी मिळाली ती दक्षिणेत, श्वाबेन म्हणतात त्या भागात. दोऱ्याच्या पार खाली. हे कळल्यावर दादा दोन दिवस जुनी पुस्तकं उपसत बसले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला घरी बोलावून हातानं लिहिलेले चार कागद दिले. तिथल्या म्हाताऱ्या 'टेपिख' मागतील तेव्हा जमिनीवरचा गालिचा शोधू नकोस, पांघरूण दे. 'हेबेन' म्हणजे पुस्तकात उचलणं, तिथे धरून ठेवणं. आणि सगळ्यात खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं: 'तिथला फूस आपल्यासारखाच. पार वरपर्यंत.' प्रज्ञा हसून म्हणाली, "म्हणजे मी बरोबर होती ना सर?" दादांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "देव करो आणि तुला याची गरज न पडो."

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तीन वाजता ताईंचा मला फोन आला. "लवकर या. हे कसे तरीच करून राहिले." मी उन्हातून धावत गेलो. कूलरसमोर दादा बसले होते, बनियन घामानं भिजलेलं, हातात मोबाइल. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. प्रज्ञाचा निरोप होता: 'सर पायाचंच झालं. नंतर बोलते.' त्यानंतर तिचा फोन लागत नव्हता. मी म्हटलं, "दादा, कामात असेल." दादा म्हणाले, "कोणीतरी गेलं." मी म्हटलं, "असं कुठे लिहिलंय?" ते म्हणाले, "वर्षभर त्या 'फूस'वरून मी तिच्या वहीवर रेघा मारल्या. चार कागद शेवटच्या दिवशी दिले. पोरीच्या हाताला रेघांचीच सवय लागली असणार." दर पाच मिनिटांनी ते नंबर लावत. पलीकडून बाई जर्मनमध्ये काहीतरी सांगे, ते ऐकून त्यांचे ओठ हलत. खरं सांगतो, तासाभरानं मलाही धीर राहिला नाही. हजारो मैलांवरच्या, नावही ठाऊक नसलेल्या कुणा पेशंटसाठी मीही माझ्या फोनवरून नंबर लावू लागलो. ताईंनी देवापुढे दिवा लावला.

त्या वाट पाहण्यात दादा एकदम बोलायला लागले. नवी नोकरी लागली तेव्हा त्यांची बदली बाहेरगावी झाली होती, आणि आई त्यांच्याकडे राहायला आली होती. तिला बरं वाटेना म्हणून दवाखान्यात नेलं. आई म्हणाली, "माहा जीव घाबरून राहिला." डॉक्टर तिकडचे, त्यांना ते नीट कळलं नाही. त्यांनी दादांना विचारलं, या काय म्हणतात? "मी नुकता शुद्ध बोलायला शिकलो होतो रे," दादा मला म्हणाले. "कचेरीत माझ्या 'मले-तुले'ला हसायचे. मी डॉक्टरांना म्हणालो, आई जरा घाबरली आहे. ते हसले, तिच्या हातावर थोपटलं, म्हणाले, आजी, घाबरू नका. पण आपल्याकडे जीव घाबरतो म्हणजे काय होतं, तुला ठाऊक आहे ना रे? छातीत कालवतं, दरदरून घाम येतो. मला ठाऊक होतं. मी तिचं वाक्य शुद्ध करून दिलं." संध्याकाळच्या आत ती गेली होती. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या ताईसुद्धा दाराशी उभ्या राहून हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. मी कूलरमध्ये पाणी ओतायला उठलो, ते भरलेलंच होतं.

पाच वाजता फोन वाजला. दादांनी तो उचलला नाही. माझ्याकडे सरकवला. मी आवाज मोठा केला. "सर, आहे ना जी तिकडे?" प्रज्ञा धापा टाकत होती. "एक बुढी आहे आमच्या वॉर्डात. सकाळपासून म्हणून राहिली, फूस दुखते, फूस दुखते. आधीच्या ड्यूटीवालीनं पाऊल पाहिलं, काहीच नव्हतं. मलम ठेवून गेली, म्हणे चोळून दे. मी मलम हातावर घेतलं, अन् म्हटलं, थांब, हिचा पाय कुठवरी आहे ते तर पाहू. पांघरूण वर केलं तर मांडी ही मोठी सुजलेली, लाल, तव्यासारखी गरम. मी हातच नाही लावला सर. पळत डॉक्टरले बोलावलं. रक्ताची गुठळी निघाली. चोळलं असतं तर वर सरकून फुफ्फुसात गेली असती म्हणे."

"आता कशा आहेत त्या?" दादांनी विचारलं.

"झोपल्या आता. मले म्हणे, तू कोणत्या गावची? मी म्हटलं, कामठी."

फोन ठेवल्यावर ताईंनी साखर आणली. दादांनी ती तोंडात टाकली, आणि ती विरघळायच्या आत पुन्हा त्यांच्या कपाळावर घाम आला. "अरे," माझा हात धरून ते म्हणाले, "बाकीच्या अकरा जणींना मी पाय सांगितलाय का?" त्या आठवड्यात त्यांनी अकराही जणींना फोन केले. एकीनं, जी दोऱ्याच्या कितीतरी वर होती, तिनं सांगितलं की सर, इकडे असं काही बोलत नाहीत. दादा म्हणाले, "पेशंट कुठूनही येऊ शकतो."

या जानेवारीत प्रज्ञा सुट्टीवर आली तेव्हा आईवडिलांना घेऊन दादांच्या घरी आली. ताईंनी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली होती. तिच्या वडिलांनी दादांना वाकून नमस्कार केला, तसे दादा घाबरून उभे राहिले. मग प्रज्ञानं मोबाइल काढला. त्या म्हाताऱ्या बाईंनी दादांसाठी बोलून पाठवलं होतं. ज्या बोलीच्या धास्तीनं त्यांनी इतकी वर्षं काढली, ती दादांनी कधी कोणा माणसाच्या तोंडून आपल्या कानांनी ऐकलीच नव्हती. पुस्तकांत वाचली होती, तेवढीच. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले. घोगरा, थकलेला, मध्येच खोकणारा आवाज. शब्दांची टोकं घासून गेलेली, 'श' पुष्कळ, आणि दर वाक्याच्या शेवटी एक हेल, कोणी लहान मुलाला जवळ बोलवावं तसा. दीड-दोन मिनिटं तो आवाज धरमपेठेतल्या त्या खोलीत होता.

"काय म्हणतात?" मी दादांना विचारलं.

"चार-सहा शब्द कळले," दादा म्हणाले. असं ते आयुष्यात पहिल्यांदाच न घाबरता म्हणाले. प्रज्ञानं सांगितलं, की विशेष काही नाही, त्या आपल्या बागेतल्या आलुबुखाऱ्याच्या झाडाबद्दल बोलताहेत, यंदा फार लागले, खायला कोणी नाही, तुम्ही जवळ असता तर पाठवले असते.

"आता कशा आहेत?" दादांनी विचारलं.

प्रज्ञानं आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "गेल्या सर. दिवाळीच्या आधी. झोपेतच गेल्या. त्रास नाही झाला."

बाहेरून भाजीवाला ओरडत गेला. दादांनी चष्मा लावला नाही. थोड्या वेळानं त्यांनी मोबाइलकडे बोट केलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पुन्हा एकदा लावतेस?"