तापलेली बांगडी

थंडीतल्या सकाळी ताई अर्धा पडदा सारून खिडकीशी उन्हात बसली होती. औषधांनी ती इतकी वाळली आहे की हात जरा उचलला तरी सोन्याची बांगडी कोपराकडे घसरते. मी ती सारखी करायला गेले, तर बांगडी चांगलीच तापलेली आणि खालचा हात मात्र गार.

मला माझ्या लेकीच्या प्रयोगशाळेतली कुपी आठवली. आत कोकम सरबतासारखं लाल पाणी होतं. "मावशी, हे सोनं आहे," ती ताईला म्हणाली होती. त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण कॅन्सरच्या गाठीत जाऊन बसतात, बाहेरून प्रकाश सोडला की तापतात, आणि गाठ तेवढी जळते. सोनं इतकं बारीक झालं की आपला पिवळेपणाही विसरतं, पण ऊन अंगात घेणं विसरत नाही.

"मला कधी मिळेल गं?" ताईने विचारलं होतं.

"अजून उंदरांवरच चाललंय, मावशी."

"मजा आहे बाई उंदरांची," म्हणत ताई हसली होती.

आज तिने ती बांगडी हातातून काढली, डाव्या छातीवर गाठीच्या जागी टेकवली आणि डोळे मिटले. मी उठले आणि उरलेला पडदाही बाजूला सारला.