कांद्याच्या खोलीतला चातुर्मास

एम.एस्सी. झाल्यावर मी ज्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागले, तिला आमच्या नाशिकच्या कॉलेजात सगळे कांद्याची खोली म्हणत. जिन्यातच वास यायचा. सत्तरचं दशक सरत आलं होतं. विद्यापीठाची मान्यता, तीन लांब टेबलं, एक तराजू, एक ओव्हन, आमचे मार्गदर्शक सर आणि आम्ही चार विद्यार्थी, एवढाच आमचा संसार. उन्हाळ कांदा साठवणीच्या हवेशीर चाळीत ठेवला की पावसाळाभर त्याची चव कशी बदलत जाते, हे आम्ही शोधत होतो. प्रत्येकाचा वाण वेगळा, पण पद्धत एकच. ज्याचा प्रयोग असेल त्याने कांदे चिरून ताटल्यांत मांडायचे आणि बाकीच्यांनी ते खाऊन तिखटपणाला नि गोडीला गुण द्यायचे. मधे पाण्याची चूळ आणि दोन-चार फुटाणे. दर पंधरवड्याला हा सोहळा व्हायचा.

पहिल्या वर्षी प्रयोग नामपूरकडच्या एका मुलाचा होता. शेतकऱ्याच्या घरातला, बोलायला मोकळा, माझ्याहून वर्षभर पुढे. त्याचे कांदे आम्ही पार दिवाळीपर्यंत खाल्ले. आषाढ गेला, श्रावण गेला, कोणी एक दिवस चुकवला नाही. माझी आई तर माझ्याशी बोलताना नाकाला पदर लावायला लागली होती.

दुसऱ्या वर्षी माझेही कांदे आले. लासलगावला जाऊन मी स्वतः निवडून आणले होते. पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने चिरले, ताटल्या मांडल्या. एकाला नेमकी ॲसिडिटी झाली. दुसरीचं तोंड आलं होतं. नामपूरवाल्याला बाहेर काम निघालं. सर तेवढे आले, शांतपणे खाल्लं, गुण लिहिले आणि गेले. पुढच्या खेपेला आषाढी होऊन गेली होती. तिघांनीही एका सुरात सांगितलं, आम्ही चातुर्मास धरलाय, कांदा-लसूण बंद.

कांद्याच्या खोलीत चातुर्मास! मला आधी हसूच आलं. पण दोन दिवसांनी नामपूरवाल्याच्या कांद्यांची पाळी होती आणि त्याच्या ताटल्या चाटूनपुसून साफ झाल्या. प्रयोगासाठी चालतं म्हणे. मग मात्र माझं डोकं फिरलं. आम्ही बौद्ध. वडील कारकून, शहरातल्या वसाहतीत वाढलेली मी. आडनाव सांगितलं की समोरचा पुढचं काही विचारत नसे, त्याला हवं ते कळलेलं असे. यांच्या कांद्याला माझं तोंड चालत होतं, माझ्या कांद्याला यांचं चालत नव्हतं. कांदा तो कांदाच, ताटल्या त्याच. सुरी धरणारा हात तेवढा वेगळा.

कुणी वावगं काही बोललं असतं तर भांडता आलं असतं. पण सगळे माझ्याशी गोडच बोलत. आणि कांदा काही कुणासाठी थांबत नाही. पावसाळी हवेत त्याला कोंब फुटतात, तो सडतो. हा हंगाम गेला तर माझी दोन वर्षांची फेलोशिप संपणार होती, आणि घरी बँकेच्या परीक्षेचा विषय निघायला लागलाच होता. एकट्या सरांच्या जिभेवर पीएच.डी. मिळत नाही.

मी सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "असं केलं तर? कांदे दुसरं कोणीतरी चिरेल. तू फक्त गुण लिहून घे. तुझं काम अडायला नको."

ते माझ्या भल्याचंच बोलत होते, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "मग सर, प्रबंधावर नावही त्या दुसऱ्याचंच घाला. माझं अडेल तर अडू दे."

मी घरी आले आणि जेवले नाही. आपण स्वतःच्या हाताने आपलं वाटोळं केलं, असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौघांना टेबलाभोवती बसवलं. आवाज जराही चढवला नाही. "तुमच्या व्रताचा मला आदर आहे," ते म्हणाले. "पण चातुर्मास कांद्याचा असतो, कुणाच्या कांद्याचा नसतो. ज्याने धरलाय त्याने कार्तिकीपर्यंत इथला कुठलाच कांदा खायचा नाही, स्वतःच्या प्रयोगातलासुद्धा. आणि जो दुसऱ्याचा कांदा चाखणार नाही, त्याचा कांदा या खोलीत कुणी चाखणार नाही. हा नियम मलाही लागू."

पुढच्या पाळीला चातुर्मास सुटला. ॲसिडिटीही गेली. तिघं ओळीने बसले, मी चिरलेला कांदा खाल्ला, गुण लिहिले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. सरांकडे बघत बघत ते ताटलीला हात घालत, ते पाहून मला चीडच येत होती. पण माझे आकडे भरत गेले, आणि मला ते हवेच होते. असे तीन महिने निघाले.

शेवटच्या चाचणीचे गुण लिहून झाले तेव्हा दुपार टळत होती. सर विद्यापीठात गेले होते, बाकीचे दोघं घरी निघाले. मी टेबल पुसत होते. नामपूरवाल्याने डबा उघडला, बाजरीची भाकरी काढली आणि म्हणाला, "कांदे उरले हायेत ना? चिर की एक. कोरडी भाकरी जात नाय."

मी फडकं खाली ठेवलं. "आता कशाला? नियम संपला."

त्याने डबा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मागल्या महिन्यात घरी गेलो तवा आईला तुझ्याबद्दल सांगितलं, तिच्या हातचं खातो म्हणून. तिनं माझं ताट भिंतीकडं वेगळं मांडलं. जाईस्तोवर तसंच. पाणीबी वरून वाढायची."

"मग?"

"मग काय. जेवलो तिथंच." त्याने भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "तू एवढी वर्षं हे कसं गिळलंस?"

"गिळलं कुठे?" मी म्हटलं. "म्हणून तर सरांकडे गेले."

आणि दोन कांदे चिरायला घेतले.