ताण कमी दाखवणारी तार

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आत्ता पहिल्यांदाच, तुम्हाला सांगायला बसलोय.

समुद्रातून तेल वर आणणाऱ्या लवचिक पाइपांवर मी नजर ठेवतो — पुण्यात, ऑफिसात, स्क्रीनसमोर. दौंडहून रोज जाऊन-येऊन करतो. पाइपाच्या आवरणात पोलादी तारा असतात आणि त्यांच्या अंगालगत केसाएवढी काचेची फायबर. कुठल्या तारेवर किती ताण, ते ती सांगते. ताण वाढला की आमची धावपळ. आणि कमी झाला तर? तर बरंच की — असं वाटतं ना?

एकदा समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मवरच्या पाइपात एका तारेचा ताण धाडकन उतरला. अलार्म बोंबलायला लागला. तार तुटली तरी ताण उतरतोच — हे शिकवलंय आम्हाला, राव! पण आधी एकदा मी उगाच बोभाटा करून तिकडचं काम थांबवलं होतं, आणि साहेबासकट सगळ्यांनी माझी यथेच्छ टर उडवली होती. परत हसं कोण करून घेणार? 'सेन्सर खराब' असा शेरा मारला, अलार्म बंद केला, डबा उघडला.

पुढं त्याच प्लॅटफॉर्मवर दिनू कामाला लागला. खुटबावचा, माझा शाळूसोबती — मीच चिकटवला होता त्याला. त्यानं त्याच पाइपाला वर धरून ठेवणारा क्लॅम्प आवळला, आणि थोड्याच दिवसांत तिथं पाइप फाटला. दिनूचा उजवा हात गेला — कोपरापासून. बातमी आली तेव्हा मी माझी जुनी नोंद उघडून बघितली. देवा रे... तीच जागा! तीच तार!

चौकशीत ठरलं, क्लॅम्प जास्त आवळला, चूक दिनूची. खराब सेन्सरकडं कोण ढुंकून बघतंय? तार त्याच्या आधीच तुटलेली होती, हे एकट्या मला ठाऊक. तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. भित्रा आहे मी — नालायक आहे.

परवा त्याच्या घरी गेलो. डाव्या हातानं चहा पुढं करत तो म्हणाला, "माझ्याच हातानं वाटुळं झालं बघ. तू नोकरी लावलीस, आन् मी तुझं नाव घालवलं. राग हाय का रं?"

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मग मी काय म्हणालो, सांगू?

"न्हाई रं. व्हतं माणसाकडून."

त्याला रडूच फुटलं. मी त्याला माफ केलं होतं ना.