दोनशे पेट्या आणि एक रिफंड

माझ्या नावावर हापूसची चाळीस कलमं आहेत. हे मला आयकराचा फॉर्म भरताना कळलं असं म्हटलं, तर ते फारसं खोटं होणार नाही.

म्हणजे सातबाऱ्यावर माझं नाव आप्पांनी, माझ्या वडिलांनी, सहा वर्षांपूर्वीच चढवलं होतं. पण नाव माझं आणि सत्ता आप्पांची! आरे-वारेच्या रस्त्याला कातळावर ती बाग आहे. तिथे मोहर किती आला, पेट्या किती गेल्या, पैसे किती झाले, यातलं काहीही विचारायची सोय नव्हती. विचारलं की आप्पा आभाळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "यंदा काय खरं नाय." मोहराने कलमं झाकून गेली असली तरी "यंदा काय खरं नाय"च! मी रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. कुठल्या देशात किती कॉफी पिकते ते मला पाठ आहे. स्वतःच्या बागेत आंबा किती झाला ते मात्र कुणी विचारलं तर मी विषय बदलत असे.

गेल्या वर्षापर्यंत माझा फॉर्म एक एजंट भरायचा. शेतीचा रकाना तो मला न विचारताच रिकामा सोडून द्यायचा. यंदा मी ठरवलं, आपला आपण भरायचा, कारण फॉर्म सोळा मला कळला होता. (कळला होता म्हणजे, दोन व्हिडिओ पाहिले होते.) स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना फळ्यावर समजावूनही सांगितलं, "हे बघा, वर्षभरात पगारातून कापलेला कर इथे. खरा जेवढा लागायला हवा तो इथे. जास्त कापला असेल तर फरक परत मिळतो. तोच रिफंड!" टाळ्या पडल्या नाहीत, पण पीटीच्या सरांनी चहा पाजला.

"एकोणीस हजार आठशे सत्तर!" घरी येताच मी जाहीर केलं.

"कोण देणार?" माधवीने तव्यावरची भाकरी उलटत विचारलं.

"सरकार!"

"कशाबद्दल?"

इथे थोडी अडचण होती. घराच्या कर्जावरच्या व्याजाचा दाखला मी शाळेच्या क्लार्कला वेळेत द्यायला विसरलो होतो, म्हणून त्याने कर जास्त कापला होता. हे मी जमेल तितक्या भारदस्त भाषेत सांगितलं.

"म्हणजे आपलेच पैसे. तुमच्या विसराळूपणामुळे गेलेले, ते परत येणार." (आयकराचा इतका सोपा खुलासा त्या दोन व्हिडिओंतही नव्हता!)

पण दुसऱ्याच क्षणी तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "अहो, मग घरघंटी घेऊया?"

त्याचं असं होतं की, आमच्या गल्लीतली पिठाची गिरण दोन वर्षांपूर्वी बंद पडली. तेव्हापासून माधवी तांदळाचा डबा स्कूटरवर बांधून पार नाक्यावरच्या गिरणीत जाते. भर पावसातही जाते. त्या गिरणीत आधी कुणीतरी मसाला दळून गेलेलं असतं. दोन वर्षं आम्ही तांबूस घावनं खातोय आणि खाताना शिंकतोय! घरघंटीचं, म्हणजे घरातल्या पिठाच्या गिरणीचं, चित्र तिने कधीचं कापून फ्रिजला चिकटवलं होतं, पण तोंडाने मागितली नव्हती. "घेतली!" मी म्हणालो, आणि तिचा चेहरा असा उजळला, की मीच सरकार झाल्यासारखं मला वाटलं.

रविवारी सकाळी मी ओटीवर लॅपटॉप मांडला. खरं तर दार लावून आत बसायला हवं होतं, पण रिफंड कसा काढतात ते सगळ्यांना दाखवायचं होतं ना! माझे सासरे, नाना, पुण्याहून आठ दिवसांसाठी आले होते, ते खुर्ची ओढून शेजारी बसले. नाना पोस्टातून निवृत्त झालेत. कुठलाही फॉर्म दिसला की त्यांना हुरूप येतो. पलीकडच्या घरातला चुलतभाऊ नंदू पेपर न्यायला आला, तो पायरीवरच टेकला. माधवी दारात उभी आणि आप्पा झोपाळ्यावर. नाटकाला इतकी गर्दी होत नाही!

पगार, कापलेला कर, विमा, व्याज असं सगळं मोठ्याने वाचत मी पुढे सरकत होतो. शेवटी आकडा आला, परत मिळणार एकोणीस हजार आठशे सत्तर. माधवी हसली. तिथेच बटण दाबलं असतं तर सगळे सुखाने घावनं खायला गेले असते. पण एक रकाना वाचायचा राहिला होता, आणि मला वाचून दाखवायची फार हौस.

"शेतीचं उत्पन्न," मी म्हणालो. "यावर कर नसतो बरं का! नुसता आकडा सांगायचा. आप्पा, आपल्या बागेचं किती लिहू?"

झोपाळा थांबला.

आप्पांची पंचाईत मला नंतर कळली. नंदूला त्यांनी मे महिन्यात सांगितलं होतं, की यंदा मोहर जळला, आंबाच नाही. (नाहीतर त्याला पेटी द्यावी लागली असती.) आणि नानांना फोनवर सांगितलं होतं, की दोनशे पेट्या गेल्या. (पुण्याच्या व्याह्यांपुढे कमी कोण सांगेल?) आता दोघेही चार हातांवर कान टवकारून बसले होते.

"लिही काहीतरी," आप्पा पुटपुटले.

"काहीतरी कसं? माझ्या नावाने जाणार तो फॉर्म!"

"मी सांगतो ना," नाना उत्साहाने पुढे सरसावले. "दोनशे पेट्या! दीड हजार सरासरी धरा. झाले तीन लाख!"

"दोनशे?" नंदू पायरीवरून उठला. "आप्पाकाका, मला म्हणालात मोहर जळला!"

"जळला तो. मग... परत आला."

"दोनशे पेट्यांचा परत आला? आणि मला एक आंबा दिला नाय!"

मी दोघांनाही हाताने गप्प केलं आणि तीन लाख टाकून दिले. कर नसतोच, मग बिघडलं काय? फॉर्मने कुरकुर केली. शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल तर हा सोपा फॉर्म चालत नाही म्हणे, मोठा भरा. मी मोठा उघडला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून भरलं. तास गेला. माधवीने दुसऱ्यांदा चहा केला. अखेर आकडा आला, एकोणीस हजार एकशे तीस.

"सातशे चाळीसच कमी झाले," नाना म्हणाले. "हरकत नाही. सरकार आहे, तेवढं कापणारच."

"नाना," मी आकड्यावर बोट ठेवलं, "हे येणार नाहीयेत. हे आपण भरायचे आहेत."

शेतीवर कर नसतो हे खरं. पण शेतीचं उत्पन्न मोठं असलं, की ते हिशेबात धरून पगाराला वरच्या दराने कर लावतात, हे त्या दोन व्हिडिओंत नव्हतं. (तिसऱ्यात होतं. तो लांब होता म्हणून मी सोडला होता.)

माधवी पुढे आली. कप गोळा करून आत गेली. ती चार शब्द बोलली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं. आतून कप घासल्याचा आवाज येऊ लागला. पाच कपांना लागेल त्याच्या तिप्पट आवाज होता तो.

आप्पा झोपाळ्यावरून उठले. "मागल्या दारी ये जरा," ते मला म्हणाले.

मागे न्हाणीघरापाशी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सत्तेचाळीस."

"काय सत्तेचाळीस?"

"पेट्या! हळू बोल."

"आणि पैसे?"

"फवारण्या, राखणदार, काढणीचे गडी, खोके, गाडीभाडं... सगळं जाऊन हातात उरले चार हजार दोनशे. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत तेवढेपण नाय. पेन्शनीतून घातले."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

आप्पांनी न्हाणीघराच्या भिंतीचा एक पोपडा नखाने काढला. "बाग तुझ्या नावावर केलीय. तोट्यात हाय म्हटलं असतं, तर विकून मोकळा झाला असतास."

मला एकदम भरून आलं. आणि लाजही वाटली, कारण खरंच विकली असती.

"नाही विकत, आप्पा. पण आता नानांना काय सांगायचं?"

स्वयंपाकघरातून कपांचा आवाज येतच होता. आप्पांनी तो थोडा वेळ ऐकला, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि माझ्या पुढे चालत ओटीवर गेले.

"व्याही," ते उभ्यानेच म्हणाले, "दोनशे नव्हत्या. सत्तेचाळीस होत्या."

नानांनी चष्मा काढला. "मग आम्हाला पुण्याला पाच पेट्या येतात, त्या?"

"त्या सत्तेचाळिसांतल्याच."

नानांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी एक पुरे हो. आणि तिचं गाडीभाडं मी देणार. वाद नको."

"म्हणजे आंबा होता!" नंदू ओरडला.

मी पुन्हा सोपा फॉर्म उघडला आणि शेतीच्या रकान्यात चार हजार दोनशे लिहिले. या वेळी मोठ्याने वाचलं नाही. एकोणीस हजार आठशे सत्तर जागच्या जागी परत आले. माधवीला हाक मारली, तिच्या हाताने बटण दाबायला लावलं. हाताला साबण तसाच होता, त्यामुळे ते बटण अजून चिकटतं. नंदूला पुढच्या मोसमात एक पेटी कबूल झाली, तेव्हा कुठे तो पेपर घेऊन घरी गेला.

रिफंड तीन आठवड्यांनी आला. पण तेवढ्यात त्याची बातमी सगळीकडे पोचली होती! (फळ्यावर मीच लिहिली होती.) पीटीच्या सरांना त्या चहाच्या बदल्यात मासळीचं जेवण हवं होतं. क्लार्क म्हणाला, त्याने जास्त कापले म्हणून तर परत आले, तेव्हा निम्मं श्रेय त्याचं. मी सगळ्यांना "अजून यायचाय" म्हणून टोलवत राहिलो. घरघंटी टेम्पोतून आली तीसुद्धा आम्ही मागल्या दाराने घरात घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गडग्यापाशी, दोन घरांमधल्या दगडी कुंपणाला टेकून, उभा होतो, तर पलीकडून नंदूने हाक मारली.

"दादा, आला काय रे तुझा रिफंड? मला जरा पाचेक हजार हवे होते."

मी आभाळाकडे पाहिलं. शब्द आपोआप तोंडात आले. "कसला येतोय रे, नंदू! यंदा काय खरं नाय."

आणि नेमकी तेव्हाच आत माधवीने घरघंटी सुरू केली.